तल्लख म्हणजे हुशारच्या वरचं का खालचं?

प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, "बुद्धी तल्लख आहे, पण अभ्यासात चालढकल करतो." आमच्या गल्लीतल्या एक वहिनी ते पुस्तक हातात घेऊन थेट छापखान्यात आल्या. मागोमाग शेऱ्याचा धनी, सातवीतला.

"भाऊजी, तल्लख म्हंजे हुशारच न्हवं? मग बाईंनी सरळ हुशार का लिवलं न्हाई?"

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात प्रुफं तपासतो. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, कुणाच्या साठीचा नाहीतर पंचाहत्तरीचा गौरव अंक, असं सगळं हाताखालून जातं. त्यामुळं शब्दांचं काही अडलं की गल्लीतली माणसं माझ्याकडं येतात, जसं नळ गळायला लागला की प्लंबरकडं जावं. मी म्हणालो, "हुशारच्या जवळचं आहे."

"जवळचं म्हंजे वरचं का खालचं?"

प्रश्न रास्त होता आणि मला चटकन उत्तर सुचलं नाही. दिलं ते त्या पोरानंच, तेही त्याच्या नकळत. टेबलावर एका दिवाळी अंकाचा सोळा पानी फर्मा पसरलेला होता. छापखाना आतून पाहिला नसेल त्यांना सांगतो, पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या एका अंगाला आठ आणि मागच्या अंगाला आठ अशी सोळा पानं एकदम छापायची, कागदाला तीन घड्या घालायच्या, कडा कापायच्या, की पानं आपोआप ओळीनं लागतात. पण घडी घालायच्या आधी तो कागद बघितला तर डोकं गरगरतं. खालच्या ओळीत ४, १३, १६, १. वरच्या ओळीत ५, १२, ९, ८, आणि ती ओळ खाली डोकं वर पाय.

आम्ही दोघं बोलत होतो तेवढ्यात पोरगं त्या कागदावर वाकलं होतं. मिनिटभरानं म्हणालं, "काका, दोन-दोनच्या जोडीची बेरीज सतराच येत्या."

मग त्यानं कागद उलटला. २ आणि १५, १४ आणि ३, ७ आणि १०, ११ आणि ६. परत सतरा. आणि कुणी विचारलं नसताना, "बत्तीस पानं असली तर तेहतीस यील, न्हवं?" बरोबर होतं. मला ही सतराची गोम एका म्हाताऱ्या बाइंडरनं सांगितली तेव्हा कळली होती, नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर.

याला तल्लख म्हणतात. पोराला फर्म्याची माहिती नव्हती, त्यानं पाठांतर केलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. अनोळखी गोष्ट समोर आली आणि तिच्यातला दोरा त्याच्या हाताला लगेच लागला. तल्लख बुद्धी म्हणजे नवं काही दिसताक्षणी त्याची गोम पकडणारी बुद्धी. यात दोन गोष्टी आल्या, वेग आणि नवेपणा. दोन्ही असतील तरच हा शब्द नीट बसतो. तीच बेरीज त्याला वर्गात शिकवली असती, त्यानं ती लक्षात ठेवून परीक्षेत लिहिली असती आणि पैकीच्या पैकी आणले असते, तर त्याला आपण हुशार म्हटलं असतं.

आता हा शब्द आला कुठून ते बघू, कारण त्याची कुळकथा कोल्हापूरच्या माणसाला खास आवडेल अशी आहे.

फारसीत तल्ख म्हणजे कडू. हिंदी-उर्दूत तो अजून त्याच चवीनं नांदतो. हिंदी वर्तमानपत्रात दोन देशांच्या संबंधांत 'तल्खी' आली असं छापून येतं, म्हणजे संबंध कडवट झाले. एखाद्या हिंदीभाषक शेजाऱ्याला तुमचा मुलगा फार तल्ख आहे म्हणालात, तर तो कौतुक समजणार नाही, पोरगं घरी येऊन काय बोललं ते विचारील. मराठीत आल्यावर मात्र शब्दाची चव बदलली. आधी तो कडूवरून तिखटावर आला. जुन्या मराठीत तलख म्हणजे तिखट, जहाल, जिभेला झोंबणारं. मग तिखटावरून बुद्धीवर गेला आणि तिथंच राहिला. आज कोल्हापुरात कुणी चटणीला तल्लख म्हणत नाही. (बाहेरच्यांसाठी सांगायला हवं की आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणलेलं वर्षाचं तिखट. ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे.) चटणीला आम्ही जहाल म्हणू, जाळ म्हणू, झणझणीत म्हणू. तल्लख हा शब्द स्वयंपाकघर सोडून डोक्यात राहायला गेला.

ल दोनदा का, असाही प्रश्न प्रुफं बघणाऱ्याला पडतो. अरबी-फारसीत शेवटी दोन व्यंजनं एकमेकांना चिकटून आली की मराठी जीभ अडखळते. मग ती मध्ये एक 'अ' सरकवते आणि कधीकधी पहिल्या व्यंजनाला दुप्पट करते. अक्ल होतं, त्याची अक्कल झाली. नक्लची नक्कल. शक्लची शक्कल. त्याच वाटेनं तल्खचं तल्लख झालं. या मंडळींत शक्कल फार मजेशीर. मूळचा अर्थ रूप, आकार, चेहरा. आपण तिची युक्ती करून टाकली आणि वर ती 'लढवायला' लागलो. म्हणजे डोकं चालवण्याबद्दलचे आपले निम्मे शब्द परदेशातून आले आणि इथं येऊन वेगळ्याच कामाला लागले.

ही फारसी शब्दांची पाळंमुळं मराठीत कुणी नीट खणून काढली असतील तर ती माधव जूलियनांनी. माधव त्र्यंबक पटवर्धन. गझल आणि रुबाई मराठीत रुजवणारे कवी म्हणून लोकांना ते माहीत असतात, पण १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश केला हे कमी जणांना ठाऊक असतं. त्यांच्या आयुष्याची अखेरची दहा-अकरा वर्षं आमच्या राजाराम कॉलेजात शिकवण्यात गेली. १९३९ साली ते वारले. गंमत अशी की मराठीत किती फारसी शब्द आहेत हे मोजून दाखवणारा हाच माणूस पुढं भाषाशुद्धीच्या बाजूनं उभा राहिला, परके शब्द कमी करा म्हणाला. माझ्या मते तल्लखसारख्या शब्दाला हात लावायची गरज नव्हती, आणि कुणी लावलाही नाही. तो परका आहे हे लक्षातच येत नाही. जोडाक्षर असं भरघोस की माणसाला तो संस्कृत वाटतो. तल्लीनचा भाऊबंद असावा असं मला एका बी.ए. झालेल्या डीटीपी ऑपरेटरनं सांगितलं होतं. तल्लीन म्हणजे तत् अधिक लीन, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तंबाखूची येते ती तलफसुद्धा वेगळी, ती तलब म्हणजे मागणी या शब्दावरून.

संबंध आहे तो तलखीशी. एप्रिलमध्ये दुपारी बिंदू चौकातून चालत जा, अंगाची जी लाही होते ती उन्हाची तलखी. तापानं फणफणलेल्या माणसाच्याही जिवाची तलखी होते. एकाच मुळातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक जिभेला झोंबणारा, दुसरा अंगाला भाजणारा. तिखट आणि उष्णता या दोन गोष्टी आपल्या आधीच्यांनी एका शब्दात का बांधल्या असतील? शरीरही त्या एकातच बांधतं म्हणून. तिखट ही खरं तर चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर चवीच्या पेशी असतात, तिखटासाठी नसतात. मिरचीतलं कॅप्सेसिन (ते जास्त करून असतं बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात) हे वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरच्या एका कुलपात जाऊन बसतं. त्या कुलपाचं नाव टीआरपीव्ही-वन. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं ते १९९७ साली शोधून काढलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. तेच कुलूप सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. म्हणजे मिसळीच्या कटाचा पहिला घोट घेतल्यावर जीभ भाजली असं मेंदूला खरोखरच कळवलं जातं. तांबड्या रश्शाबरोबर घाम का फुटतो त्याचं कारण हेच. तलख आणि तलखी या जोडीला विज्ञानाचं पाठबळ मिळालं ते इतक्या उशिरा.

आता तिखटाचा आणि बुद्धीचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. तो संबंध फारसीनं लावून दिला असं नाही, आपल्याकडं आधीच होता. संस्कृतात तिज् हा धातू आहे, अर्थ धार लावणं. त्याच्यापासून तीक्ष्ण आला, तेज आला. तीक्ष्णचं बोलीतलं रूप तिखटाच्या घरात गेलं. म्हणून मराठीत बुद्धी तीक्ष्ण असते, घोडा तेज असतो (हा तेज फारसीतून आला, पण मुळानं तीक्ष्णचा भाऊबंदच) आणि लांबून पानाचा आवाज ऐकणारा माणूस तिखट कानाचा असतो. धार, जाळ आणि वेग हे तीन वेगळे गुण, पण आपल्या भाषेत ते कायम एकमेकांच्या घरी जेवायला. कुशाग्र हा शब्द तर नुसत्या धारेचाच. कुश म्हणजे दर्भ, त्याचं टोक म्हणजे कुशाग्र. दर्भ उपटताना हात कापला असेल त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण कुशाग्र बुद्धी आणि तल्लख बुद्धी यांत थोडं अंतर आहे. कुशाग्र बुद्धी खोल शिरते, गुंतागुंतीच्या विषयाचे पापुद्रे सोडवते, त्यासाठी तिला दोन तास लागले तरी कुणी हरकत घेत नाही. तल्लख बुद्धीला दोन तास लागले तर ती तल्लख राहिलीच नाही.

सगळ्यात घोटाळा होतो तो चलाखशी, आणि तो मी स्वतः करून बसलोय. बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका सहकारातल्या वजनदार गृहस्थांच्या पंचाहत्तरीचा गौरव अंक आमच्याकडं होता. एका लेखात एकाच पानावर 'तल्लख' तीनदा आलेलं. मला पुनरुक्ती खुपली. पहिला ठेवला, दुसऱ्याचा कुशाग्र केला, तिसऱ्याचा चलाख. अंक छापून झाला, समारंभ झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले चिरंजीव दारात. बोलले काहीच नाहीत, अंक उघडला आणि बोट ठेवलं. वाक्य होतं, "संस्थेच्या आर्थिक व्यवहारात त्यांची चलाख बुद्धी सदैव कार्यरत असे." मी वाचलं आणि माझ्याच घशाला कोरड पडली. ते पान बदलून नवं छापलं, उरलेल्या सगळ्या प्रतींत चिकटवलं, आणि त्याचा खर्च माझ्या पगारातून गेला. तक्रार नाही, चूक माझीच होती.

कोशात बघितलं तर चलाख काही वाईट शब्द नाही. फारसीत चालाक म्हणजे चपळ, हालचालीला हलका. हातचलाखीत तो अर्थ अजून जिवंत आहे, जादूगाराच्या बोटांचा वेग. पण वेगानं हलणारा हात बघणाऱ्याच्या खिशापर्यंत कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि त्या संशयाची सावली शब्दावर पडलीय. चलाख माणूस झटपट विचार करतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. चाणाक्ष त्याहून बरा. चाणाक्ष माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडतो, हेतू ओळखतो. गुजरीतला सराफ गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच ओळखतो की हे घ्यायला आलंय का नुसता भाव विचारायला, तो चाणाक्ष. तल्लख शब्दाला फायदा-तोट्याचा वासच नाही. माणूस चांगला का वाईट, हे तो सांगत नाही. डोकं कसं चालतं एवढंच सांगतो. आणि म्हणूनच त्याची टर उडवता येत नाही. अतिशहाणा आहे, दीडशहाणा आहे, "लई हुशार समजतोस काय स्वतःला" हेही आहे. अतितल्लख किंवा दीडतल्लख आजवर एकाही प्रुफात बघितला नाही.

हुशार हा शब्द पोरांच्या मार्कांना जखडला गेला हे त्याचं दुर्दैव. मूळ होशयार, शुद्धीवर असलेला, सावध. दुखण्यातून उठलेला माणूस "आज जरा हुशारी वाटत्या" म्हणतो तेव्हा तो मुळाच्या सगळ्यात जवळ असतो. हजरजबाबी म्हणजे ज्याचा जबाब हजर आहे तो. त्याचा वेग जिभेवर असतो. आमच्या पेठांत असे लोक इतके आहेत की त्याला गुण कुणी म्हणत नाही, रोजचं बोलणंच ते. प्रसंगावधान म्हणजे संकटात डोकं जाग्यावर असणं. हितोपदेशातल्या तीन माशांपैकी एकाचं नावच प्रत्युत्पन्नमती आहे, ज्याला ऐन वेळी सुचतं तो. जाळ्यात सापडल्यावर मेल्याचं सोंग घेऊन सुटतो. संकट ओळखून आधीच दुसऱ्या तळ्यात निघून गेलेला मासा मात्र अनागतविधाता, दूरदृष्टीचा. त्याचं कौतुक कमी होतं, कारण त्याच्या गोष्टीत काही घडतच नाही.

कोल्हापूरच्या बोलीत झटपटपणाला एक झकास वाक्य आहे, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी." खटका म्हणजे बंदुकीचा घोडा. बोट टेकलं की समोरचा जागेवर आडवा, मध्ये विचाराला फट नाही. खासबागेत कुस्ती बघताना हे वाक्य ऐकू येतंच येतं. समोरच्यानं पटात हात घालायच्या आधीच पैलवानाचे पाय मागं गेलेले असतात. त्यानं विचार केला का? विचार करत बसला असता तर पाठ मातीला लागली असती. पण याला तल्लख म्हणायचं का? मी म्हणणार नाही. तो डाव त्यानं तालमीत हजारो वेळा खाल्लेला आणि परतवलेला आहे. त्याचं अंग तो ओळखतं. त्याला तरबेज म्हणावं.

गुऱ्हाळावरचा गुळव्या याच जातीचा. काहिलीत रस रटारटा उकळत असतो, फेसाचा रंग बदलत जातो, बुडबुडे मोठे होतात. गुळव्या पळीभर पाक पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो, आणि मग एका क्षणी "उतरवा" म्हणतो. त्या आधी उतरवला तर गूळ बसत नाही, नंतर उतरवला तर काळपट पडतो. निर्णय डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. पण त्या एका क्षणाच्या मागं तीस-चाळीस हंगाम असतात. हा वेग साठवलेला आहे. पोरानं फर्म्यावर दाखवला तो वेग साठवलेला नव्हता.

मानसशास्त्रात हा फरक रेमंड कॅटल यांनी मांडला आणि १९६३ साली त्यावर सविस्तर लिहिलं. बुद्धीचे दोन भाग धरा. एक प्रवाही, कधी न पाहिलेला प्रश्न सोडवणारा. दुसरा साठलेला, शिक्षणातून आणि अनुभवातून घट्ट झालेला. आपल्या भाषेत मी पहिल्याला तल्लखपणा म्हणेन आणि दुसऱ्याला मुरलेपण. चाचण्या घेतल्या की दिसतं ते असं, की नव्या गोष्टी झपाट्यानं हाताळायचा वेग ऐन तारुण्यात सगळ्यात जास्त असतो आणि नंतर हळूहळू उतरत जातो. शब्दसंग्रह आणि जगाची माहिती मात्र पन्नाशी-साठीपर्यंत वाढत राहते.

डोक्याचा वेग मोजता येतो हेच मुळात फार जुनं ज्ञान नाही. मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो हे कधी मोजता येईल का याबद्दल योहानेस म्युलर यांच्यासारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञालाही शंका होती. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर ते मोजलं. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. हिशेब केला तर हायवेवर ताशी शंभराच्या आसपास धावणाऱ्या गाडीइतका. विजेसारखा वगैरे अजिबात नाही. दिवा लागलेला बघून बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतो. एकाऐवजी दोन, चार, आठ दिवे ठेवून त्यांतला नेमका कुठला लागला ते ओळखायला सांगितलं तर वेळ वाढतो, पण पर्यायांच्या पटीत नाही. पर्याय दुप्पट झाले की वेळेत साधारण ठरावीक भर पडते. हा हिक यांचा नियम, १९५२ चा. आणि बटण भराभर दाबणारा माणूस बुद्धीच्या चाचणीतही पुढं असतो का? थोडासा. नातं आहे, पण सैल आहे. तल्लखपणा म्हणजे नुसता तारेचा वेग नव्हे. काय बघायचं आणि काय सोडायचं हे ठरवणंही त्यात येतं. पोरानं पानांचे आकडे बघितले, त्यांवरचा मजकूर बघितला नाही.

शब्द कुणाला लावतात याचं एक निरीक्षण माझ्या धंद्यातून सांगतो. लहान पोरांबद्दल तल्लख म्हणतात. आणि एकदम नव्वदीच्या माणसांबद्दल. उत्तरकार्याच्या कार्डावर, श्रद्धांजलीच्या मजकुरात, "अखेरपर्यंत त्यांची स्मरणशक्ती तल्लख होती" हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलंय की डोळे मिटून ऱ्हस्वदीर्घ सांगीन. मधल्या वयाच्या माणसाला हा शब्द फार क्वचित मिळतो. तिशी ते साठी आपण अभ्यासू असतो, अनुभवी असतो, जाणकार असतो, मुत्सद्दी असतो. पोरात तल्लखपणा दिसला की "इतक्या लवकर?" म्हणून आश्चर्य, म्हाताऱ्यात दिसला की "अजून?" म्हणून. मधल्या काळात तो असणारच असं गृहीत असावं, नाहीतर त्या वयात पगारापुढं त्याची कुणाला पडलेली नसावी.

वापरायचा कसा, तर सोपं आहे. शब्द बदलत नाही. तल्लख पोरगा, तल्लख पोरगी, तल्लख पोरं. चांगलाचा चांगली-चांगले होतो तसं इथं काही करायचं नाही. बुद्धी, डोकं, मेंदू, स्मरणशक्ती यांना तो शोभतो. आख्ख्या माणसालाही चालतो. उत्तराला, भाषणाला, योजनेला लावला की कानाला खडा लागतो. उत्तर मार्मिक असतं, योजना कल्पक असते. नाम करायचं असेल तर तल्लखपणा करा. तल्लखता मी दिसेल तिथं खोडतो, चूक म्हणून नव्हे, फारसी शब्दाला संस्कृत शेपूट बघवत नाही म्हणून. शेवटचं अक्षर ख आहे, तल्लक लिहू नका. आणि कुशाग्रबुद्धी जोडून लिहिलं तरी चालतं, तल्लख बुद्धी सुटं लिहा.

विरुद्ध अर्थाचे शब्द सांगायला बसलो तर कागद पुरणार नाही. मठ्ठ, मंद, माठ, ठोंब्या, बथ्थड. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत ज्याचं रूप फारसं बदललं नाही ते अक्षर म्हणून 'ढ', असं सांगतात. पण तल्लखचा नेमका उलटा शब्द म्हणाल तर तो अलीकडचा आहे, ट्यूबलाइट. मठ्ठाला कळतच नाही. ट्यूबलाइटला कळतं, चांगलं लख्ख कळतं, फक्त स्टार्टरनं दोन-तीनदा फडफड केल्यावर. वेग हा एवढाच मुद्दा धरणारा हा शब्द ज्यानं पहिल्यांदा माणसाला चिकटवला, तो स्वतः चांगलाच तल्लख असणार. एलईडीच्या जमान्यात तो किती दिवस टिकतो बघायचं.

हे सगळं अर्थात मी वहिनींना सांगितलं नाही. त्यांना दळण टाकून पुढं जायचं होतं. मी एवढंच म्हणालो, "वरचंही नाही, खालचंही नाही. तल्लख म्हणजे डोकं पळतंय चांगलं. हुशार म्हणजे पळून कुठंतरी पोचलं."

वहिनींनी पोराकडं बघितलं. ते फर्म्याची घडी परत उलगडून आता तिरकी बेरीज करत होतं.

"मग पोचणार कधी ओ हे?"